जागरणाची परंपरा : वास्तुकलेच्या विद्यार्थ्याच्या मनाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या बी.ए.च्या वर्गात एक विद्यार्थिनी आली. आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम तिसऱ्या वर्षी सोडून ती मराठीकडे वळली होती. तिच्या वहीतला समास फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ असे आणि शीर्षकाची अक्षरे छापल्यासारखी. एके दिवशी तास संपल्यावर तिने एक गुंडाळलेला मोठा कागद आमच्या टेबलावर उलगडला. कुठल्याशा ग्रंथालयाचा तो आराखडा होता. त्यावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लाल पेनाची जाड रेघ ओढलेली होती. ती ज्युरीतल्या एका परीक्षकांची. तिने विचारले, "सर, बाकीच्यांचं मन टिकलं, माझं कच्चं पडलं. मन पक्कं कसं करतात?"

त्या वेळी आम्ही तिला जे सांगितले ते कोणीही सांगितले असते : झाले गेले विसरून जा, आता इथे मन लाव. ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले आणि आम्हालाही. पुढे काही निमित्ताने वास्तुकलेच्या शिक्षणाचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की तिच्या प्रश्नातच एक गृहीतक दडलेले होते. मन ही ज्याची त्याची खाजगी मालमत्ता असून ते पक्के किंवा कच्चे असते, असे ते गृहीतक. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला उशिराने दिलेले उत्तर आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे ते ठेवण्याचे कारण लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना 'नाइट मारणे' हा वाक्प्रचार ठाऊक असेल. सबमिशनच्या आधी दोन-दोन, तीन-तीन रात्री जागायचे, पहाटे मॉडेलच्या पुठ्ठ्याने बोटे कापून घ्यायची आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी ज्युरीसमोर उभे राहायचे. हे सारे कौतुकाने सांगितले जाते. आपल्याकडे खंडोबाचे जागरण असते, एकादशीचा जागर असतो. पण तिथे सोबत असते, गाणे असते आणि दुसऱ्या दिवशी कोणी आपल्या भक्तीला गुण देत नाही. वास्तुकलेच्या शाळेतले जागरण कोणत्या दैवतासाठी चालते आणि ते सुरू कुणी केले, हा प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा आहे.

*

शाळा येण्यापूर्वी ही विद्या शिष्यत्वाने शिकली जात असे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये वास्तुविशारद व्हायचे तर एखाद्या जाणत्या वास्तुविशारदाकडे ठरावीक रक्कम भरून काही वर्षे करारबद्ध राहावे लागे. गुरू चांगला मिळाला तर शिष्याचे भाग्य, नाही तर त्याने नकला उतरवत बसावे. या पद्धतीचे सर्वांत बोचरे चित्र साहित्याच्या वाचकांना परिचित आहे. चार्ल्स डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट' (1843-44) या कादंबरीतला पेक्स्निफ हा वास्तुविशारद म्हणवतो. पण त्याची खरी मिळकत शिष्यांकडून येणाऱ्या रकमेची. मार्टिनने काढलेला शाळेचा आराखडा तो चार खिडक्या वाढवून आपल्या नावावर खपवतो. अमेरिकेहून परतलेला मार्टिन गर्दीत उभा राहून त्याच इमारतीच्या पायाभरणीचा समारंभ पाहतो, हा प्रसंग हास्यकारक खराच. पण विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिल्यास त्यात एक खोल जखम आहे. काम त्याचे आणि नाव दुसऱ्याचे. त्याहून करुण आहे तो टॉम पिंच. वर्षानुवर्षे राबवून घेणाऱ्या गुरूला तो मनोभावे थोर मानत राहतो. शोषणालाच संस्कार समजणारे मन कसे घडते, याचे ते चित्र आहे.

याच पद्धतीची दुसरी बाजू थॉमस हार्डीच्या चरित्रात दिसते. 1856 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, हार्डी डॉर्चेस्टर येथील जॉन हिक्स या वास्तुविशारदाकडे शिकाऊ म्हणून राहिला. हिक्सच्या कचेरीत कामाच्या जोडीने ग्रीक वाचायला मोकळीक होती. सहशिष्याशी व्याकरणावरून वाद झाला की निवाडा मागायला शेजारीच विल्यम बार्न्स या कवी-शिक्षकाची शाळा होती. हार्डी पुढे 1862 मध्ये लंडनला आर्थर ब्लूमफील्ड यांच्या कचेरीत गेला आणि 1863 मध्ये रंगीत विटा व टेराकोटा यांवरील निबंधासाठी त्याला ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचे पदक मिळाले. कालांतराने त्याने तो व्यवसाय सोडला, पण सोडताना तो मोडलेला नव्हता. चर्चच्या जीर्णोद्धाराच्या कामांनी त्याला दगडांची, कारागिरांची आणि जुन्या-नव्याच्या झगड्याची जी जाण दिली ती त्याच्या कादंबऱ्यांत शेवटपर्यंत राहिली. फळ्यावरच्या कागदापलीकडेही आपले आयुष्य आहे, हे ज्या कचेरीने मान्य केले तिथून बाहेर पडणारा माणूस पराभूत म्हणून बाहेर पडला नाही. ही गोष्ट आम्हास महत्त्वाची वाटते.

पेक्स्निफी वृत्तीवर उपाय काढला तो विद्यार्थ्यांनीच. 1847 साली लंडनमधील काही करारबद्ध तरुणांनी एकत्र येऊन आर्किटेक्चरल असोसिएशन स्थापन केली. गुरूच्या कचेरीत जे मिळत नाही ते परस्परांकडून शिकावे, हा त्यांचा हेतू होता. आज जगद्विख्यात असलेली ती शाळा मुळात असमाधानी शिष्यांचा अभ्यासगट होती. त्यांना कोणी मन पक्के करा असे सांगितले नव्हते. आपले असमाधान हे एकट्याचे नाही, एवढेच त्यांनी ओळखले होते.

*

जागरणाचे मूळ मात्र लंडनात नसून पॅरिसमध्ये आहे. 1671 साली कोल्बेरच्या पुढाकाराने फ्रान्समध्ये वास्तुकलेची राजकीय अकादमी निघाली. क्रांतीच्या काळात, 1793 साली, अकादम्या बरखास्त झाल्या. परंतु तिची शिक्षणपरंपरा पुढे 'एकोल दे बोझार' या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या शाळेत चालू राहिली. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात अमेरिकेपासून अनेक देशांतील शाळांनी तिचा कित्ता गिरवला.

तिथली रीत अशी होती. अभ्यासक्रम वर्षांचा नसून स्पर्धांचा होता. स्पर्धेचा विषय हाती पडला की विद्यार्थी 'लोज' नावाच्या लहानशा खोपटात एकटा बसे आणि बारा तासांत कच्चा आराखडा काढी. त्याला 'एस्कीस' म्हणत. तो शाळेकडे जमा होई आणि विद्यार्थी त्याची नक्कल घेऊन बाहेर पडे. मग सुमारे दोन महिने गुरूच्या 'आतेलिए'त, म्हणजे कार्यशाळेत, त्या कल्पनेवर काम करून अंतिम चित्रे तयार होत. अट एकच, पण कडक. अंतिम चित्र मूळ एस्कीसशी इमान राखणारे हवे. वाट बदलली तर स्पर्धेतून बाद. निवाडा बंद दाराआड होई आणि विद्यार्थ्याला फक्त निकाल कळे.

चित्रे गोळा करायला हातगाडी येत असे. गाडीला फ्रेंचमध्ये 'शारेत' म्हणतात. गाडी निघाली तरी काही विद्यार्थी तिच्याबरोबर धावत किंवा तीवर चढून शेवटचे हात फिरवत, असे सांगितले जाते. कथा किती खरी हे सोडा. शब्द मात्र खरा आहे आणि तो टिकला. मुदतीच्या तोंडावर केलेल्या धडपडीला जगभरच्या वास्तुकलेच्या शाळांत आजही हाच शब्द वापरतात. आमच्या विद्यार्थिनीच्या वसतिगृहातली 'नाइट' ही त्या पॅरिसच्या गाडीची दूरची नात होय.

या पद्धतीचा निषेध करणे सोपे आहे. तसे करण्यापूर्वी तिचे गुण पाहिले पाहिजेत. आतेलिए हे एक कुटुंब असे. नवखी मुले ज्येष्ठांची चित्रे पुरी करायला मदत करीत आणि ते करताना शिकत. तिथल्या शेवटच्या रात्री बव्हंशी एकट्याच्या नसत. शिवाय बारा तासांच्या अटीने एक मोठी गोष्ट शिकवली : अपुऱ्या माहितीवरही एक निर्णय घेऊन पुढे जाणे. पण दोषही त्याच अटीत होता. पहिल्या बारा तासांत जे सुचले तेच धरून राहायचे. दोन महिन्यांनी आपल्याला जे नवे कळले त्याला त्या चित्रात जागा नाही. चूक सुधारणे हीच जिथे बाद होण्याची चूक ठरते, तिथे विद्यार्थी चुकीला भिऊ लागणार हे उघड आहे. सर्वांत वरची स्पर्धा म्हणजे प्री द रोम. ती जिंकणाऱ्या एकास रोममध्ये राहून प्राचीन वास्तूंचा अभ्यास करायला मिळे. दरवर्षी एक विजेता याचा अर्थ दरवर्षी बाकी सारे पराभूत, असा हिशेब त्या व्यवस्थेने विद्यार्थ्यांच्या मनात कायमचा घातला.

या शाळेच्या दारात उभी राहिलेली एक स्त्री इथे आठवते. कॅलिफोर्नियाची ज्युलिया मॉर्गन स्थापत्य अभियांत्रिकी शिकून पॅरिसला आली. शाळेने वास्तुकलेच्या विभागात तोवर एकाही स्त्रीस प्रवेश दिलेला नव्हता. 1897 च्या प्रवेशपरीक्षेत तिला यश आले नाही. 1898 मध्ये ती उत्तीर्ण झाली आणि त्या विभागात प्रवेश मिळवणारी पहिली स्त्री ठरली. तिशी उलटली की विद्यार्थ्याला स्पर्धेत भाग घेता येत नसे, आणि मॉर्गनचा जन्म जानेवारी 1872 चा. म्हणजे घड्याळ तिच्या विरुद्ध धावत होते. 1902 च्या सुरुवातीस ती प्रमाणपत्र घेऊन निघाली आणि पुढे कॅलिफोर्नियात शेकडो इमारती तिने बांधल्या. ही कथा प्रेरणादायी म्हणून सांगतात आणि ती आहेही. पण ती ज्या हेतूने सांगितली जाते त्याविषयी आम्हास शंका आहे. बघा, ती टिकली, तुम्हीही टिका! मॉर्गनच्या धैर्याला नमस्कार करूनही विचारावेसे वाटते की ती टिकली म्हणून ते दार योग्य ठरते काय? तिच्याइतक्याच कुवतीच्या ज्या दारातूनच परतल्या त्यांची नोंद कोणत्या ग्रंथात आहे?

1968 च्या मे महिन्यात पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी ती शाळा ताब्यात घेतली. त्याच वर्षी प्री द रोम बंद झाले आणि वर्षअखेर वास्तुकलेचा विभाग मोडून त्याच्या जागी स्वतंत्र अध्यापन-केंद्रे निघाली. व्यवस्था गेली, पण सवयी मागे राहिल्या. त्या आधीच जगभर पोहोचल्या होत्या.

*

विद्यार्थ्याच्या शरीर-मनाचा विचार अभ्यासक्रमात आणण्याचा एक विलक्षण प्रयत्न जर्मनीत झाला. 1919 साली वाल्टर ग्रोपियस यांनी वायमार येथे बाउहाउस काढले. (गंमत अशी की तिथे वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग 1927 मध्ये, शाळा देसाऊला गेल्यावर, सुरू झाला.) तिथला प्राथमिक अभ्यासक्रम योहानेस इटेन शिकवीत. त्यांचा वर्ग श्वसनाच्या आणि अंग सैल करण्याच्या व्यायामाने सुरू होई. ताठरलेला हात मोकळी रेघ ओढू शकत नाही, ही त्यांची धारणा आम्हा भारतीयांना चटकन पटण्यासारखी आहे. शाळेत कंदिलांचे आणि पतंगांचे उत्सव होत. खेळ हा शिक्षणाचा भाग मानला जाई.

पण इटेन 'मझ्दझ्नान' या पंथाचे अनुयायी होते. उपास, विशिष्ट शाकाहार, लसणाचा भरपूर वापर असे त्याचे नियम काही विद्यार्थ्यांनीही स्वीकारले. हळूहळू स्वास्थ्य हीच एक दीक्षा झाली आणि दीक्षा म्हटली की आतले आणि बाहेरचे असे दोन तट पडतात. शाळेने उद्योगाकडे वळावे की नाही यावरून ग्रोपियस आणि इटेन यांच्यात मतभेद होतेच. 1923 मध्ये इटेन गेले. या प्रकरणातून दोन धडे निघतात असे आम्हास वाटते. वर्गात विद्यार्थ्याचे शरीरही हजर असते हे मान्य करणारी शाळा त्या काळात विरळाच होती. हे इटेन यांचे ऋण मानले पाहिजे. पण स्वास्थ्य हा जर पुन्हा एक पाळायचा नियम झाला, तर तो न पाळता येणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे चढते. आजकाल परीक्षेच्या आधी ध्यानाचे शिबिर भरवून वेळापत्रक मात्र जसेच्या तसे ठेवणाऱ्या संस्थांनी या दुसऱ्या धड्याकडे लक्ष द्यावे.

*

आता आपल्या मुंबईकडे येऊ. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून 1857 साली सुरू झालेल्या कलाशाळेत पुढे वास्तुकलेचे शिक्षण रुजले. आरंभी ते नकाशे उतरवणाऱ्या कुशल नोकरांचे शिक्षण होते. साहेबाने कल्पना करायची आणि एतद्देशीयाने ती शाईने गिरवायची, अशी विभागणी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तिथे पूर्ण अभ्यासक्रम उभा राहिला. लंडनचीच कथा इथे निराळ्या रूपात घडलेली दिसते. 1917 साली या शाळेतून शिकलेल्या तरुणांनी 'आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन' काढली. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष झाले. याच संस्थेतून पुढे, 1929 साली, 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' ही देशव्यापी संस्था आकाराला आली. म्हणजे आपल्या देशातील वास्तुविशारदांच्या प्रमुख व्यावसायिक संस्थेचे मूळ नाव विद्यार्थ्यांचे होते. हे आज किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते?

त्या शाळेत क्लॉड बॅटली हे इंग्रज शिक्षक दीर्घकाळ शिकवीत होते आणि 1923 ते 1943 या काळात वास्तुकला विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. त्यांच्या काळात विद्यार्थी टेप घेऊन जुन्या देवळांत, वाड्यांत, मशिदींत जात आणि प्रत्येक खांब, प्रत्येक पायरी मोजून तिची चित्रे काढीत. भारतीय वास्तुकलेवरील बॅटली यांच्या पुस्तकात अशा मोजून काढलेल्या चित्रांना महत्त्वाचे स्थान आहे. या अभ्यासाचे ज्ञानमूल्य सर्वमान्य आहे. मनाच्या दृष्टीने त्याचे जे मूल्य आहे त्याची चर्चा मात्र होत नाही. मोजणीला गेलेला विद्यार्थी स्वतःची प्रतिभा सिद्ध करायला गेलेला नसतो. तो पाहायला गेलेला असतो. एक जण टेपचे टोक धरतो, दुसरा आकडा वाचतो, तिसरा लिहितो. आकडा चुकला तर पुन्हा मोजायचा. त्यात कोणाचा अपमान नाही. 'मी कोण' हा प्रश्न काही तासांपुरता बाजूला पडतो आणि 'हे काय आहे' हा प्रश्न समोर येतो. निरोगी वृत्ती म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

याच शाळेत 1947 मध्ये पुण्याचा एक तरुण दाखल झाला. बाळकृष्ण दोशी. घरचा फर्निचरचा व्यवसाय, एकत्र कुटुंब. अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच ते युरोपात गेले आणि 1951 पासून पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम करू लागले. फ्रेंच येत नव्हते; पहिले आठ महिने वेतनही नव्हते. पुढे 1962 मध्ये त्यांनी अहमदाबादला वास्तुकलेची शाळा काढली आणि 2018 मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. 2023 च्या जानेवारीत ते निवर्तले. त्या शाळेच्या इमारतीत एकमेकांत उघडणारे स्टुडिओ आहेत, खाली सावलीची मोकळी जागा आहे. शिकणे हे भिंतीआड कोंडायचे नसते, असा तिचा भाव आहे.

दोशींचे ते बिनपगारी आठ महिने विद्यार्थ्यांना वारंवार ऐकवले जातात. अहमदाबादच्या मोकळ्या स्टुडिओंचा अर्थ त्या मानाने कमी सांगितला जातो. असे का व्हावे? आमचा तर्क असा की कष्टाची कथा उद्धृत करायला काही खर्च येत नाही. मोकळी व्यवस्था उभारायला मात्र खर्च येतो. दोशींनी स्वतः जे सोसले त्याची परतफेड त्यांनी पुढच्यांना तेच सोसायला लावून केली नाही. शाळा बांधून केली. कथेतला घेण्यासारखा भाग तो आहे.

*

विसाव्या शतकाच्या मध्यास बंद दाराआडची ज्युरी अमेरिकेतील शाळांतून उघड्यावर आली. विद्यार्थ्याने सर्वांसमोर आपले काम मांडायचे आणि परीक्षकांनी सर्वांसमोर बोलायचे. हेतू चांगला होता. निवाड्याची कारणे कळावीत. पण कारणांबरोबर अपमानही जाहीर झाला. कॅथरिन अँथनी यांनी 1991 मध्ये या ज्युरीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे पुस्तक लिहिले. रात्रभर जागलेला विद्यार्थी सकाळी ऐकलेल्यातले फारसे काही ग्रहण करू शकत नाही, ही साधी गोष्टही या प्रथेने कधी लक्षात घेतली नव्हती. ज्या प्रसंगासाठी तो जागला त्या प्रसंगी शिकण्याची त्याची शक्तीच संपलेली असते. पुढे जागरणानंतर गाडी चालवताना एका विद्यार्थ्याचा जीव गेला. त्या धक्क्यातून अमेरिकेतील वास्तुकलेच्या विद्यार्थी संघटनेने अभ्यासगट नेमला. 2002 च्या डिसेंबरात त्याचा अहवाल आला. आशावाद, आदर, देवाणघेवाण, सहभाग आणि नावीन्य ही पाच मूल्ये स्टुडिओने धरावीत असे त्यात सुचवले होते. त्यानंतर तिथल्या मान्यता देणाऱ्या मंडळाने प्रत्येक शाळेला स्टुडिओच्या संस्कृतीविषयी लेखी धोरण ठेवायला सांगितले. पुन्हा तेच : 1847, 1917, 1968, 2002. प्रत्येक वळणावर पुढे आलेले दिसतात ते विद्यार्थी, आणि तेही एकेकटे नव्हेत.

याच सुमारास नव्हे, पण त्याआधी काही वर्षे, डोनाल्ड शॉन यांनी 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' (1983) या ग्रंथात स्टुडिओतला एक संवाद बारकाईने तपासला होता. पेट्रा ही विद्यार्थिनी शाळेची इमारत रचते आहे. तिला हवा तो आकार उताराच्या जमिनीवर बसत नाही आणि ती अडली आहे. क्विस्ट हे शिक्षक तिच्या कागदावर रेघ मारून तो बाद करीत नाहीत. ते शेजारी बसून काढू लागतात आणि काढता काढता बोलतात. त्यांच्या सांगण्याचा आशय असा : सुरुवातीला एक शिस्त मानून चल, मग ती मनमानी का असेना, पुढे हवी तर मोडता येईल. शॉन यांच्या मते रचना हा परिस्थितीशी चाललेला संवाद आहे. आपण एक चाल करतो, जागा उलट काही बोलते, आपण ऐकून पुढची चाल करतो.

पॅरिसच्या लोजमधली अट आणि क्विस्टचे हे वाक्य शेजारी ठेवून पाहावे. दोन्हीकडे अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायचा आहे. पण तिथे पहिल्या निर्णयाला चिकटून राहणे ही परीक्षा होती, इथे तो निर्णय मोडण्याची मुभा शिक्षकच देतो. तिथे आराखडा म्हणजे दावा. इथे आराखडा म्हणजे प्रश्न. दावा फेटाळला की माणूस फेटाळला जातो. प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तर फक्त पुढचा प्रश्न सुचतो. सगळ्या इतिहासातून 'निरोगी मन' या शब्दांचा एवढाच नेमका अर्थ आमच्या हाती लागला. ते कातडी जाड करणे नव्हे. आपले काम आणि आपण यांत इतके अंतर राखणे की कामाकडे आपल्यालाही पाहता यावे. आणि हे अंतर एकट्याच्या निर्धाराने राखता येत नाही. शेजारी बसणारा शिक्षक, टेपचे दुसरे टोक धरणारा सोबती आणि मोडण्याची मुभा देणारे वेळापत्रक यांनी ते राखले जाते.

*

आता साहित्याचा मुद्दा. वास्तुकलेच्या शिक्षणाचा इतिहास तरलेल्यांनी लिहिला आहे. आत्मचरित्रे यशस्वी वास्तुविशारदांची असतात, आणि ज्याने दहा रात्री जागून शिखर गाठले त्याला त्या रात्री शिखराचे कारण वाटणे स्वाभाविक आहे. जे सोडून गेले ते वास्तुकलेच्या ग्रंथांत नाहीत. पण ते कुठेतरी आहेत. हार्डी कादंबरीत आहे. दिल्लीच्या वास्तुकलेच्या शाळेत शिकलेल्या अरुंधती रॉय यांनी तो व्यवसाय पत्करला नाही, पण 'इन विच ॲनी गिव्ह्ज इट दोज वन्स' या प्रदीप क्रिशन दिग्दर्शित चित्रपटाची (1989) पटकथा लिहिली आणि त्यात भूमिकाही केली. दूरदर्शनवर दाखवलेल्या त्या चित्रपटाचा काळ 1974 चा आणि स्थळ दिल्लीची एक वास्तुकलेची शाळा. ॲनी म्हणवणारा आनंद ग्रोव्हर पाचव्याच वर्षात अडकून पडला आहे. रेल्वेमार्गाच्या कडेने फळझाडे लावण्याचे स्वप्न तो पाहतो. मुख्याध्यापकांना मुलांनी 'यमदूत' हे नाव ठेवले आहे. ॲनीला पार करण्यासाठी मित्रमंडळी एक होतात. या मुलांना सांभाळते ते थट्टा, सोबत आणि आपापसांतली खास बोली. शाळेच्या अहवालात ज्याला जागा नसते ते त्या चित्रपटात सापडते, आणि म्हणून तो त्या शिक्षणाच्या इतिहासाचे एक साधन आहे.

साहित्याच्या वर्गाला यातून स्वतःकडेही पाहता येईल. आपल्याकडे लाल पेन नाही असे नाही. विद्यार्थ्याची पहिली कविता, पहिला निबंध, तोंडी परीक्षेतला अडखळलेला शब्द यांवर आपण काय ओढतो? शेजारी बसतो की रेघ मारतो?

त्या मुलीला आज भेटलो तर सांगू : तुझे मन कच्चे नव्हते. पॅरिसच्या एका गाडीमागे धावण्याची दोनशे वर्षांची सवय तुझ्या वाट्याला आली होती, आणि ती सवय आहे हे तुला कोणी सांगितले नाही. तू सोडलेस यात लाज नाही. तू राहिली असतीस तरी जागण्यात काही पुण्य नव्हते. तो ग्रंथालयाचा आराखडा मात्र आम्ही तेव्हा नीट पाहिला नाही, रेघच पाहिली, ही चूक आमची. तो अजून तुझ्याकडे असेल तर घेऊन ये. वाचनकक्षाला तू उत्तरेकडून उजेड घेतला होतास असे अंधुक आठवते. का घेतला होतास, ते विचारायचे राहून गेले आहे.